एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम : जुने मशीन चालू ठेवा, हिशेब मात्र धोक्यात घालू नका

आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी पुष्कळांच्या गाळ्यात एक तरी संगणक असा असतो की तो जुना झाला तरी बदलता येत नाही. भरतकामाच्या मशीनचे डिझाइन बनवणारे सॉफ्टवेअर त्यात असते. ते सॉफ्टवेअर विंडोज ७ वर, कधी कधी तर विंडोज एक्सपीवरच चालते, आणि त्याची परवान्याची किल्ली, म्हणजे ज्याला आपण डोंगल म्हणतो, ती मागच्या बाजूला खोचलेली असते. छापखान्यात हीच स्थिती जुन्या उर्दू-मराठी टाइपसेटिंगची, प्लेट काढणाऱ्या किंवा स्टिकर कापणाऱ्या यंत्राची. सॉफ्टवेअर नवे घ्यायचे तर लाखाच्या गोष्टी होतात. काही कंपन्या तर आता धंद्यातच राहिलेल्या नाहीत.

दुसऱ्या बाजूला जीएसटीचे रिटर्न, ई-वे बिल, बँकेचे व्यवहार, गिऱ्हाइकाचा ई-मेल हे सर्व इंटरनेटवर आले. विंडोज एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्ट कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० च्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्यांची मुदतवाढ दिली गेली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. परंतु त्यात पुढे जी भोके सापडतील ती कोणी बुजवणार नाही. २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या विंडोज ७ वर बसत नाहीत. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ पूर्वीचे बहुतेक संगणक त्यात बसत नाहीत.

मग आपली मंडळी काय करतात? त्याच जुन्या विंडोजवर बँकेचा पासवर्ड टाकतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर थैमान घातले तेव्हा त्याच्या तडाख्यात सापडलेले बहुतेक संगणक दुरुस्ती न बसवलेल्या विंडोज ७ चे होते. असा व्हायरस फायली कुलूपबंद करून पैसे मागतो. तुमचे डिझाइन, उधारीचे खाते, कारागिरांच्या मजुरीची नोंद, सगळे एका रात्रीत गेले तर ते विम्यानेही परत येत नाही. शिवाय गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेले नमुने ही त्याची अमानत आपल्याकडे असते, हेही विसरता येणार नाही.

यावर एक मार्ग असा की त्याच संगणकावर जुनी विंडोज राहू द्यावी, तिचे इंटरनेट तोडावे, आणि शेजारी दुसरी ताजी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून इंटरनेटची सर्व कामे तिच्यावर करावीत. संगणक सुरू करताना विचारतो : आज कोण हवे? आपण निवडतो. यास ड्युअल बूट म्हणतात. ही दुसरी सिस्टिम बहुधा लिनक्स असते, कारण ती विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही बरी चालते आणि तिच्या दुरुस्त्या नियमित मिळतात. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहायला घेतला. आज उबुंटू, मिंट, डेबियन अशा नावांनी ती मिळते. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची लिनक्स काढलेली आहे.

ही कल्पना नवी मुळीच नाही. विंडोज ९५ आली तेव्हा पुष्कळांनी आपला डॉसवरचा हिशेब तसाच ठेवला होता. संगणक सुरू होताना एक बटन दाबून जुन्या डॉसमध्ये जायचे, वही लिहायची, मग पुन्हा विंडोजमध्ये यायचे. धोका दोन सिस्टिम एकत्र नांदण्यात तितका नाही. तो दोन ठिकाणी असतो. पहिले ठिकाण म्हणजे भिंत घालण्याचा दिवस, आणि दुसरे म्हणजे दोघांच्या सामाईक दाराची रोजची उघडझाप. या दोन ठिकाणी जो सावध राहिला त्याचे काम वर्षानुवर्षे सुरळीत चालते.

आधी प्रत, मग हात

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे आपले हिशेब व कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक रिटर्न भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपून ठेवावी लागतात. 'कॉम्प्युटरवाल्याने उडवले' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही. म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी सर्व माहितीच्या दोन प्रती काढाव्यात. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवायची. दुसरी वेगळ्या डिस्कवर, आणि ती गाळ्यात न ठेवता घरी. पेन ड्राइव्हवरच्या एकुलत्या एका प्रतीला प्रत समजू नये.

प्रत काढली एवढ्याने भागत नाही. ती शेजारच्या दुकानातल्या संगणकावर नेऊन उघडून पाहावी. टॅलीचा बॅकअप असेल तर तेथे तो परत भरून मागील महिन्याची बाकी जुळते का ते बघावे. डिझाइनच्या दोन-चार फायली उघडाव्यात. न उघडून पाहिलेली प्रत ही गरजेच्या दिवशी रिकामी निघते, हा अनुभव या धंद्यातल्या कोणत्याही दुरुस्ती करणाऱ्याला विचारा.

जुन्या मशीनचे सॉफ्टवेअर जेथे आहे तेथे फक्त फायलींची प्रत पुरत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा बसवायची सीडी कोणाकडे असते? म्हणून संपूर्ण डिस्कचा जसाच्या तसा ठसा काढून ठेवावा. क्लोनझिला नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम हे काम करतो. त्याचा पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की तो आख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. उद्या सगळे बिघडले तर हा ठसा परत टाकून गाळा पुन्हा उभा करता येतो.

दुसरी तयारी किल्लीची. विंडोज १० व ११ मध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाचे कुलूप असू शकते. २०२४ च्या विंडोज ११ आवृत्तीपासून तर नवी विंडोज मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केल्यास हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागते, मालकाला पत्ताही नसतो. एरवी त्याचा त्रास नाही. पण दुसरी सिस्टिम बसवताना संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये बदल झाला की विंडोज ४८ अंकी किल्ली मागते, आणि ती नसेल तर आपलीच माहिती आपल्याला बंद. तेव्हा आधी सेटिंगमध्ये पाहावे. कुलूप असेल तर ४८ अंक कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावेत. काम होईपर्यंत ते कुलूप तात्पुरते थांबवताही येते.

तिसरी तयारी पैशाशिवायची आहे आणि तीच लोक टाळतात. लिनक्स पेन ड्राइव्हवर घालून डिस्कला न शिवता चालवून पाहता येते. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा आणि आपले रोजचे काम तपासावे. प्रिंटर कागद ओढतो का? वायफाय लागते का? मराठी आणि उर्दू टंकलेखन जमते का? बँकेचे संकेतस्थळ उघडते का? ज्यांना रिटर्नवर डिजिटल सहीचे टोकन लावावे लागते त्यांनी ते टोकन लिनक्सवर चालते का हे याच वेळी पाहून घ्यावे. एक-दोन दिवस असे काढले तर निम्म्या अडचणी आधीच कळतात, आणि न जमल्यास पेन ड्राइव्ह काढला की संगणक पूर्ववत.

सर्वांत सुरक्षित रस्ता : दुसरी डिस्क

एकाच डिस्कवर भिंत घालण्यापेक्षा दुसरी डिस्कच लावावी, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. लिनक्सला फार जागा लागत नाही. उबुंटूची शिफारस २५ जीबीची आहे आणि २४० जीबीची एसएसडी तिला ऐसपैस होते. डेस्कटॉप संगणकाच्या डब्यात दुसऱ्या डिस्कला बहुधा जागा असते.

यात खुबी अशी : लिनक्स बसवताना विंडोजच्या डिस्कची वायर काढून ठेवायची. संगणकाला त्या वेळी फक्त नवी रिकामी डिस्क दिसते. मग बसवणाऱ्याने चुकून कोणतेही बटन दाबले तरी तुमच्या जुन्या माहितीला धक्का लागणे शक्यच नाही. काम झाले की वायर परत लावावी. पुढे संगणक सुरू होताना एफ १२, एफ ११, एफ ९ किंवा एस्केप, जे त्या कंपनीने ठरवले असेल ते बटन दाबले की कोणत्या डिस्कवरून सुरू करायचे हे विचारले जाते. दोन्ही सिस्टिम एकमेकींच्या घरात डोकावत नाहीत. एक डिस्क बिघडली तर दुसरी चालू राहते. उद्या लिनक्स नको झाली तर ती डिस्क काढून घ्यायची, बस्स.

लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा नसेल तर यूएसबीवर लागणाऱ्या बाहेरच्या एसएसडीवरही लिनक्स बसते. तेथे मात्र लिनक्सचा सुरुवातीचा भाग आतल्या डिस्कवर जाऊन बसणार नाही हे पाहावे लागते. म्हणून शक्य तेथे आतली डिस्क काढूनच ते काम करून घ्यावे.

एकाच डिस्कवर भिंत घालायची असल्यास

काहींना दुसऱ्या डिस्कची सोय नसते. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जागा मोकळी करण्याचे काम विंडोजच्या आतूनच करावे. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाचे साधन आहे. त्यात 'श्रिंक व्हॉल्यूम' म्हटले की विंडोजचा भाग आक्रसतो आणि शेवटी मोकळी जागा उरते. ती मोकळीच ठेवायची, तिला नवे नाव-अक्षर द्यायचे नाही. विंडोजची जागा विंडोजनेच आवरलेली बरी, कारण आपल्या कोणत्या फायली हलवता येत नाहीत हे तिला ठाऊक असते. त्याआधी डिस्क तपासून घ्यावी. डिस्क आधीच आजारी असेल तर या कामात ती दगा देते. आणि हे चालू असताना वीज जाता कामा नये. मालेगाव-भिवंडीच्या बांधवांना वेगळे सांगायला नको : यूपीएस नसेल तर त्या दिवशी हे काम करूच नये.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर, जिला एमबीआर म्हणतात, मुख्य भाग फक्त चार करता येतात. पुष्कळ ब्रँडेड संगणकांत कंपनीनेच चारही भाग आधी करून ठेवलेले असतात. अशा डिस्कवर विंडोजला पाचवा भाग करायला सांगितले तर ती डिस्क 'डायनॅमिक' करू का, असे विचारते. येथे हो म्हणू नये. डायनॅमिक डिस्कवर लिनक्स शेजारी बसवणे फार कटकटीचे होते. नव्या पद्धतीच्या, म्हणजे जीपीटी डिस्कवर ही मर्यादा नाही. विंडोज तेथे १२८ भागांपर्यंत जाऊ देते.

आता बसवण्याचा क्षण. विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा क्रम ठेवावा. जुन्या संगणकावर उलट केले तर विंडोज लिनक्सची सुरुवातीची पाटी पुसून टाकते. उबुंटूसारखी लिनक्स बसवताना पडद्यावर पर्याय येतात. 'इरेज डिस्क' हा पर्याय आख्खी डिस्क पुसतो. तुमचे वहीखाते जाते ते बहुतेक वेळा या एका ओळीमुळे. घाई करणारा मुलगा 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जातो आणि हा पर्याय कधी निवडला गेला हे त्यालाही कळत नाही. आपल्याला हवा तो 'विंडोजच्या शेजारी बसवा' अशा अर्थाचा पर्याय, किंवा मग स्वहस्ते भाग निवडण्याचा. स्वहस्ते करताना साधारण १०० एमबीचा एक छोटा ईएफआय भाग दिसतो. दोन्ही सिस्टिम सुरू होण्याचे सामान त्यात असते. तो वापरायचा असतो, फॉरमॅट करायचा नसतो. त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण असेल तर काढून टाकावी. आणि शेवटी 'हे बदल डिस्कवर लिहू का' असा प्रश्न येतो तेव्हा मालकाने स्वतः यादी वाचावी. इंग्रजी येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावी. कारागीर सोन्याला कातरी लावण्यापूर्वी दोनदा मोजतो, तेवढीच ही गोष्ट.

बसवून झाल्यावर ग्रब नावाची यादी दिसू लागते व तीत दोन्ही सिस्टिम असतात. क्वचित यादीत विंडोज दिसत नाही. घाबरून पुन्हा बसवायला घेऊ नये. नव्या ग्रबमध्ये दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचे काम काही ठिकाणी बंद ठेवलेले असते. ते चालू केले की विंडोज यादीत येते. ती कोठेही गेलेली नसते.

रोजच्या वापरातले धोके

सगळ्यात फसवा धोका विंडोज बंद करण्याचा. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. आपण 'शट डाऊन' म्हणतो, पडदा काळा होतो, पण विंडोज पूर्ण बंद झालेली नसते; ती आपला गाभा डिस्कवर लिहून अर्धवट झोपते, उद्या लवकर उठता यावे म्हणून. डिस्कवरचा तिचा हिशेब उघडाच असतो. अशा वेळी लिनक्समधून त्याच भागात फाइल लिहिली आणि उद्या विंडोज आपल्या जुन्या आठवणीसह जागी झाली, की दोन मुनिमांनी एकाच पानावर लिहिल्यासारखे होते. फायली खराब होतात. शहाणी लिनक्स अशा भागावर लिहायला नकार देते किंवा फक्त वाचू देते. तेव्हा काही लोक कोठूनतरी शिकून जबरदस्तीने उघडतात. ते करू नये. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्सखाली पॉवर बटनाच्या सेटिंगमध्ये 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढून टाकावी. 'हायबरनेट' करून दुसऱ्या सिस्टिममध्ये जाणेही तसेच घातक.

मोठ्या सुधारणेनंतर ही खूण परत आली नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

दुसरा धोका घड्याळाचा, आणि तो व्यापाऱ्याच्या खास लक्षात यायला हवा. संगणकाच्या आत सेलवर चालणारे एक घड्याळ असते. विंडोज समजते की त्यावर आपली स्थानिक वेळ आहे. लिनक्स समजते की त्यावर जागतिक प्रमाणवेळ आहे. आपल्याकडे या दोहोंत साडेपाच तासांचे अंतर. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. इंटरनेट असेल तर ते काही वेळाने सुधारते, पण आपण तर जुन्या विंडोजचे इंटरनेट तोडलेले आहे! रमजानमध्ये दुकान रात्री एक वाजता चालू असते. विंडोजच्या घड्याळात तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. ज्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये तारीख घड्याळावरून पडते त्यात बिल आदल्या तारखेला जाते, आणि ती रात्र ३१ मार्चची असेल तर आदल्या आर्थिक वर्षात. उपाय सोपा आहे. 'आतले घड्याळ स्थानिक वेळेवर आहे' असे लिनक्सला एकदा सांगून ठेवायचे. एका ओळीच्या आज्ञेचे काम आहे, बसवणाऱ्याकडून तेव्हाच करून घ्यावे.

तिसरी गोष्ट गुप्ततेची. पुष्कळांना वाटते की विंडोजला पासवर्ड आहे म्हणजे आपले खाते सुरक्षित. परंतु डिस्कला कुलूप नसेल तर लिनक्समधून विंडोजच्या सर्व फायली पासवर्डशिवाय वाचता येतात. म्हणजे ज्या कारागिराला तुम्ही फक्त इंटरनेटसाठी लिनक्स दिली तो मनात आणले तर तुमचे उधारीचे खाते उघडू शकतो. उलट बाजूने विंडोजला लिनक्सचा भाग सहसा वाचता येत नाही. म्हणून खासगी हिशेब लिनक्सकडे, आणि तोही बसवतानाच एन्क्रिप्शन निवडून ठेवलेला बरा. विंडोजला मात्र लिनक्सच्या भागाची ओळख नसल्यामुळे एखाद्या वेळी ती 'ही डिस्क फॉरमॅट करू का' असे विचारते. त्याला उत्तर नेहमी 'नाही'.

दोन्ही बाजूंना लागणाऱ्या फायलींसाठी वेगळा तिसरा भाग ठेवावा. त्याची पद्धत एनटीएफएस असावी. एक्सफॅट पद्धत दोघांनाही चालते, पण वीज अचानक गेली तर ती लवकर कोलमडते. गिऱ्हाइकाने ई-मेलने डिझाइन पाठवले तर ते लिनक्समध्ये उतरवून या तिसऱ्या भागात ठेवावे आणि मग विंडोजमध्ये जाऊन मशीनला द्यावे. डीएसटीसारखी डिझाइनची फाइल असेल तरच. इंटरनेटवरून आलेला कोणताही चालणारा प्रोग्रॅम या वाटेने जुन्या विंडोजमध्ये नेऊ नये, नाहीतर इंटरनेट तोडून काय मिळवले? तीच वाट उलटीही उपयोगी आहे. टॅलीप्राइममधून जीएसटीची फाइल काढून तिसऱ्या भागात ठेवली की लिनक्सच्या ब्राउझरमधून ती पोर्टलवर चढवता येते. ज्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला परवाना तपासण्यासाठी इंटरनेट लागते त्यांची विंडोज मात्र देखभाल चालू असलेलीच हवी. ती तोडून ठेवण्याची युक्ती त्यांच्या कामाची नाही.

विंडोज जर ताजी ठेवत असाल तर सुधारणांनीही कधी घोटाळा होतो. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा-सुधारणेनंतर जगभर अनेकांच्या संगणकावर लिनक्स सुरू होईना. 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन संगणक बंद पडे. दोन सिस्टिम असलेल्या संगणकांवर ही सुधारणा लागू होणार नाही असे कंपनीने म्हटले होते, तरी ती झाली. कायमची दुरुस्ती मे २०२५ च्या सुधारणांबरोबर आली. कोणाचीही माहिती यात पुसली गेली नव्हती, फक्त दार अडकले होते. पण रिटर्नच्या शेवटच्या दिवशी दार अडकणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. यासाठी लिनक्सचा पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात कायम असू द्यावा.

ज्यांना हे सारे नको

मशीन जोडायचे नाही, फक्त एखादे विंडोजचे सॉफ्टवेअर अधूनमधून लागते, अशांना भिंत घालण्याची गरजच नाही. व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये लिनक्सच्या आत एका खिडकीत आख्खी विंडोज चालवता येते. संगणकात ८ जीबी रॅम तरी हवी. यूएसबीचे डोंगल बहुधा ओळखले जाते. जुन्या प्रिंटर-पोर्टवरचे डोंगल मात्र चालेल अशी आशा धरू नये. याचा मोठा फायदा असा की ती संपूर्ण विंडोज म्हणजे डिस्कवरच्या मोजक्या मोठ्या फायली असतात. त्यांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर ठेवली की सगळा कारभार खिशात.

छापखानेवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. इनपेज हे उर्दूचे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये भारतीय कंपनीने विंडोजसाठी काढले आणि नूरी नस्तालीकमुळे ते घराघरांत गेले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपीही अशीच विंडोजवर रुजलेली. जुन्या फायलींतला मजकूर युनिकोडमध्ये नसतो, त्यामुळे तो लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये सरळ उघडत नाही. लग्नपत्रिकांची दहा-पंधरा वर्षांची साठवण ज्यांच्याकडे आहे त्यांनी विंडोज मोडूच नये. नवे काम हळूहळू युनिकोडमध्ये नेता येईल. नोटो नस्तालीक उर्दूसारखे विनामूल्य टाइप आता दोन्हीकडे चालतात.

परवान्याविषयी दोन शब्द. खिडकीत चालणाऱ्या विंडोजलाही परवाना लागतोच. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत 'फुल व्हर्जन' टाकून देणारे भेटतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या हाताने कुलूप तोडून दिले त्याने आत आणखी काय ठेवले हेही आपल्याला कळत नाही. लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्न येत नाही. तिची प्रत काढून शेजाऱ्याला देण्याची मुभा तिच्या परवान्यातच आहे.

शेवटी, लिनक्स काढून टाकायची झाल्यास. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम असलेल्या जुन्या संगणकात पुष्कळजण विंडोजमधून लिनक्सचा भाग सरळ पुसतात. संगणक पुन्हा सुरू केला की काळ्या पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढीच अक्षरे, कारण दार उघडणारा पुसलेल्या भागात राहत होता. विंडोज तेव्हाही जिवंत असते. तिच्या मूळ सीडीवरून किंवा दुरुस्तीच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून विंडोजची सुरुवातीची पाटी आधी परत बसवावी, विंडोज स्वतःहून सुरू होते हे दोनदा पाहावे, आणि त्यानंतरच लिनक्सचा भाग पुसून ती जागा विंडोजला जोडावी.